बोरीवली : डोंगरापासून खाडीपर्यंतचा भूगोल आणि इतिहास

पायवाट

बोरीवलीविषयी कोणी लिहू लागले की बहुतेक वेळा सुरुवात रेल्वे स्थानकापासून होते, आणि मग स्थानकाच्या पूर्वेला काय आहे व पश्चिमेला काय आहे याची यादी येते. या धाग्यात मला थोडी वेगळी मांडणी करून पाहायची आहे. माझे म्हणणे असे की रेल्वे येण्यापूर्वी शेकडो वर्षे या भागाचा व्यवहार नकाशावर आडवा, म्हणजे डोंगराकडून खाडीकडे आणि खाडीकडून डोंगराकडे चालत होता. रुळांनी तो उभा केला. आज आपण विरार ते चर्चगेट अशा उभ्या रेघेवर राहतो, त्यामुळे ही आडवी बोरीवली नजरेआड झाली आहे. परंतु नदी, गावठाणे, लेणी आणि जमिनीचे दप्तर यांत ती अजून शिल्लक आहे.

आधी भूगोल पाहू. मुंबईची उपनगरे ज्यावर वसली आहेत त्या साष्टी बेटाच्या मधोमध दक्षिणोत्तर डोंगररांग आहे आणि तिचे सर्वात उंच टोक ४६८ मीटरवर आहे. आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०३ चौरस किलोमीटर क्षेत्र याच डोंगरांवर पसरलेले आहे. डोंगराच्या पश्चिमेला भातशेतीची आणि वाड्यांची सपाटी होती, जिच्यावर आज सगळी वस्ती आहे. त्याच्याही पश्चिमेला खाजण (भरतीचे खारे पाणी शिरणारी जमीन), मिठागरे, तिवरांचे रान आणि मग खाडी लागते. खाडीपलीकडे गोराई. उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून गोराईच्या जेट्टीपर्यंतचे अंतर धडधाकट माणूस तास-सव्वा तासात चालून जाईल. एवढ्या कमी अंतरात डोंगर, शेत, खाजण आणि समुद्र असे चारही प्रकार मुंबईत फार थोड्या ठिकाणी सापडतात.

या पट्ट्यातून दोन नद्या वाहतात. दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरातून निघून उद्यानातून, मग दौलतनगर आणि कांदरपाड्याच्या बाजूने खाडीला मिळते. पोईसर नदीही उद्यानातच उगम पावते आणि दक्षिणेकडे कांदिवली-मालाडच्या अंगाने मार्वेच्या खाडीकडे जाते. जुनी गावे पाहिली, तर एकसर, शिंपोली, कान्हेरी, मागाठाणे, मंडपेश्वर, पोईसर ही सगळी डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये, पाण्याच्या सोयीने बसलेली आहेत. स्थानकाचे नाव बोरीवली पडले म्हणून आपण या सर्वांना बोरीवली म्हणतो. (नाव बोरांच्या झाडांवरून पडले की नाही, हा वाद या धाग्यात आणू नये ही विनंती.)

जाणकारांनी भर घालावी.

जुना_दप्तरी

विषय चांगला आहे. दप्तराचा उल्लेख केलात म्हणून प्रथम तेवढेच सांगतो. बोरीवली पश्चिमेला सदनिका घेतलेल्या कोणीही आपला करारनामा काढून पाहावा. पत्त्यात कोणत्याही नगराचे वा सोसायटीचे नाव असो, मिळकतीच्या वर्णनात ‘मौजे एकसर, तालुका बोरीवली’ किंवा ‘मौजे शिंपोली’ असेच लिहिलेले सापडेल. पूर्वेला तेच वर्णन ‘मौजे कान्हेरी’ किंवा ‘मौजे मागाठाणे’ असे असते. शेत गेले, वाडी गेली, वीस मजली इमारत उभी राहिली, तरी महसुली गाव जागचे हललेले नाही. सिटी सर्व्हे क्रमांकही त्या गावाच्या हद्दीतच चालतात.

प्रशासनाच्या दृष्टीने मात्र हा भाग बराच फिरला. पूर्वी तो ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होता. १९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला, तेव्हाही बोरीवलीची बाजू ठाण्याकडेच राहिली. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढली ती अंधेरी-जोगेश्वरीच्या आसपास थांबली. दहिसरपर्यंतचा भाग महापालिकेत आला तो १९५७ च्या फेब्रुवारीत. पुढे १ ऑक्टोबर १९९० रोजी सध्याचा मुंबई उपनगर जिल्हा स्थापन झाला आणि अंधेरी, कुर्ला व बोरीवली हे त्याचे तीन तालुके झाले. म्हणजे ज्यांना आज ‘मुंबईकर’ म्हणवून घेताना क्षणभरही थांबावे लागत नाही, त्या बोरीवलीकरांचे आजोबा कागदोपत्री ठाणेकर होते.

ब्राह्मी_वाचक

कान्हेरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आडव्या बोरीवलीचा सर्वात जुना पुरावा तिथेच आहे.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांचे खोदकाम इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू होऊन जवळपास हजार वर्षे चालू राहिले. तिसऱ्या क्रमांकाचा मोठा चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातला आहे. लेण्यांमधील दानलेखांत कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांची नावे येतात. पर्यटक चैत्य पाहून परततात. पण त्या डोंगरावर खरोखर पाहण्याजोगी गोष्ट पाण्याची व्यवस्था आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेली पोढी, म्हणजे पाण्याचे टाके आहे आणि वरच्या उतारावरून पावसाचे पाणी त्यात उतरावे म्हणून कातळात बोटभर खोल चर कोरलेले आहेत. जुलै महिन्यात गेल्यास त्या चरांतून आजही पाणी टाक्यात पडताना दिसते. चार महिने पडणाऱ्या पावसावर बारा महिने राहणाऱ्या भिक्खूसंघाची ती तरतूद होती.

आता आपल्या विषयाशी संबंध. डोंगरावर धान्य पिकत नव्हते. ते खालच्या सपाटीवरून येत असणार. कान्हेरीच्या एका लेखात मंगलस्थान येथील शेत संघाला दिल्याचा उल्लेख आहे आणि हे मंगलस्थान म्हणजेच आजचे मागाठाणे असे अभ्यासक मानतात. मागाठाण्याला स्वतःची बौद्ध लेणीही आहेत. ज्या मागाठाण्याला आपण बसचा डेपो आणि मेट्रोचे स्थानक म्हणून ओळखतो, ते कान्हेरीच्या अन्नाचा एक आधार होते.

हे ठिकाण नंतरही विस्मरणात गेले नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक असलेल्या उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात येथे देणग्या दिल्या जात होत्या, आणि त्यांपैकी एका लेखात दुरुस्ती व भिक्खूंच्या वस्त्रांबरोबर पुस्तकांसाठीही रक्कम ठेवलेली आहे. १००९ आणि १०२१ या वर्षांत येथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे पहलवी लिपीत ९० क्रमांकाच्या लेण्यात कोरून ठेवली. भिंतींवर नावे लिहिण्याची आपली राष्ट्रीय सवय तशी जुनी आहे. त्यांच्या बाबतीत निदान अक्षर सुरेख आहे आणि इतिहासाला त्याचा उपयोग झाला.

सव्वानऊची_फास्ट

मांडणी आकर्षक आहे, पण मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. कान्हेरीचे दाते सोपाऱ्याचे आणि कल्याणचे. सोपारा उत्तरेला आहे आणि कल्याण पूर्वेला, डोंगरापलीकडे. मग व्यवहार डोंगराकडून पश्चिमेच्या खाडीकडे ‘आडवा’ चालत होता असे कसे म्हणता येईल? रेल्वेने सगळे बिघडवले, ही कल्पना आपल्याकडे जरा सहज स्वीकारली जाते असे वाटते. रेल्वे नसती तर बोरीवलीला इतिहास सांगायला आपण तिथे राहायलाच आलो नसतो.

पायवाट

आक्षेप योग्य जागी आहे. मात्र साष्टी हे बेट आहे. तेथून सोपाऱ्याला जायचे तर वसईची खाडी ओलांडावी लागते आणि कल्याणला जायचे तर ठाण्याची. घोडबंदर हे बंदर होते, रस्ता नंतरचा. आजचा स्वामी विवेकानंद मार्गसुद्धा पूर्वी घोडबंदर रस्ता म्हणूनच ओळखला जात होता. दूरचा प्रवास पाण्याने होणार असेल, तर गावातून निघालेला माणूस आधी उतरून खाडीला लागणार, आणि आलेला माल खाडीवरून चढून गावात आणि डोंगराकडे जाणार. मी ‘आडवा’ म्हणतो तो एवढ्याच अर्थाने. रेल्वेने काही बिघडवले असे माझे म्हणणे नाही; तिने दिशा बदलली, इतकेच.

वाडीतली_सून

एकसरच्या वीरगळांचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून लिहिते. ‘पाण्याने होणारा व्यवहार’ या मुद्द्याला त्यांच्याइतका ठोस पुरावा दुसरा नाही.

एकसर गावठाणात पुरुषभर उंचीहून मोठ्या शिळांवर कोरलेले वीरगळ आहेत. वीरगळ महाराष्ट्रात गावोगावी आढळतात; गुरे राखताना वा गावाचे रक्षण करताना पडलेल्या वीराची ती स्मृती असते. एकसरच्या शिळांचे वेगळेपण असे की त्यांतील काहींवर नौकायुद्ध कोरलेले आहे. उंच नाळेची जहाजे, वल्ह्यांची ओळ, जहाजावर उभे असलेले धनुर्धारी. त्याच्या वरच्या पट्टीत स्वर्गात जाणारा वीर आणि सर्वात वर शिवलिंगाची पूजा. खालून वर वाचत जायचे असते, हे ठाऊक नसेल तर कथा उलटी लागते. पुष्कळ अभ्यासक ही शिल्पे शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या लढाईशी जोडतात. त्या लढाईत सोमेश्वराचा शेवट समुद्रात झाल्याचे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत आले आहे. काहींच्या मते शिळा त्याहून जुन्या आहेत. कोणताही पक्ष घेतला, तरी खाडीपासून थोड्याच अंतरावरच्या शेतकरी गावात आरमारी लढाईची स्मारके उभी आहेत, ही गोष्ट बदलत नाही.

खंत एवढीच की शिळांच्या भोवतीचे रान जाऊन इमारती आल्या आणि शिळा गल्लीत उरल्या. बोरीवलीत जन्म काढलेल्या अनेकांनी त्या पाहिलेल्या नाहीत. आमच्या घरातील निम्म्या माणसांनीही पाहिल्या नव्हत्या.

गावठाण

मंडपेश्वराशिवाय हा धागा पुरा होणार नाही. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मराठी बोलणारे येथलेच ख्रिस्ती. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी आमच्या समाजाने हे नाव घेतले. त्याआधीपासून आम्ही साष्टीत भात लावत, मासे मारत आणि खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालत आलो आहोत.

मंडपेश्वर हे मूळचे शैव लेणे, साधारण सहाव्या ते आठव्या शतकातले. आत नटराजाचे मोठे शिल्प आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्याखालचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्सिस्कन पंथाचे अंतोनियो दो पोर्तो यांनी या लेण्याचे प्रार्थनामंदिर केले. लेण्याच्या डोक्यावर चर्च आणि मठ बांधण्यात आले. त्याचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. लेण्यात एका ठिकाणी जुनी शिल्पे काढून भिंतीवर मोठा क्रूस कोरलेला आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई पडली आणि त्यानंतर लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली. आज खाली शंकराची पूजा होते, वर चर्चचे अवशेष आहेत, शेजारी इमॅक्युलेट कन्सेप्शनचे चर्च आहे, ज्याच्या नावावरून आय.सी. कॉलनी हे नाव आले, आणि समोरच्या मैदानात मुले क्रिकेट खेळतात. सगळा परिसर पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. पूर्वी दहिसर नदी लेण्याच्या जवळून वाहत होती असे आमच्याकडे जुनी माणसे सांगतात.

हे लिहिताना माझी एक विनंती आहे. मंडपेश्वराचा विषय निघाला की लगेच कोणी कोणावर अन्याय केला याची तालिका मांडली जाते. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी ते ते केले. भात लावणारी माणसे मात्र तीच होती.

सव्वानऊची_फास्ट

आता रेल्वेची बाजू मी मांडतो, कारण ती मांडणारा दुसरा कोणी दिसत नाही.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुरू झाली, आणि तीही दिवसाला जाणारी एक व येणारी एक. तिच्या थांब्यांच्या यादीत बोरीवली होते. बोरीवली आणि अंधेरी यांच्यामध्ये तेव्हा एकच स्थानक होते, पहाडी, म्हणजे आजचे गोरेगाव. कांदिवली स्थानक १९०७ मध्ये आले. कांदिवलीच्या खाणीतील दगड १९२० च्या दशकात बॅकबेच्या भरावासाठी रेल्वेने नेला गेला, त्यामुळे मरीन ड्राइव्हच्या बाजूच्या भरावात आपल्या भागातील डोंगर पडलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

खरी उलथापालथ मात्र ५ जानेवारी १९२८ रोजी झाली. त्या दिवशी कुलाबा ते बोरीवली मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. विरारपर्यंत वीज गेली ती १९३६ मध्ये. मधली आठ वर्षे बोरीवली हे विजेच्या गाडीचे शेवटचे स्थानक होते. शेवटचे स्थानक असण्याचा फायदा काय असतो, हे रोज सकाळी बसायला जागा मिळवणाऱ्याला सांगायला नको. गाड्या येथून सुटत, म्हणून नोकरदार येथे घर घेऊ लागला. विरारची गाडी पकडून बोरीवलीला उतरू पाहणाऱ्याची आज जी अवस्था होते, तिचेही मूळ हेच: या स्थानकाला स्वतःच्या गाड्या आहेत, मग आमच्या गाडीत का चढलात?

भरती_ओहोटी

आडव्या बोरीवलीची आठवण आपल्याला सर्वात कठोरपणे करून देते ती नदी. दहिसर आणि पोईसर या दोन्ही नद्या डोंगरावरून वेगाने उतरतात आणि लगेच सपाटीवर येतात. खाडीला भरती असेल, तर त्या पाण्याला पुढे जायला वाट नसते. पूर्वी हे पाणी भातखाचरांत पसरत होते आणि बांधाची उघाडी ओहोटीला उघडून खाडीत सोडले जात होते. शेतावर वस्ती झाली, पात्राला काँक्रीटच्या भिंती आल्या, तबेल्यांचे शेण आणि वस्तीचे सांडपाणी त्यात येऊ लागले. रेल्वे आणि रस्ते दक्षिणोत्तर गेले आणि प्रत्येकाने नदीवर एकेक अरुंद पूल ठेवला. पाण्याला आडवे जायचे आहे आणि आपण सगळे बांधकाम उभे केले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या दोन्ही नद्यांच्या काठच्या लोकांनी याचा अर्थ छातीभर पाण्यात उभे राहून समजून घेतला.

उद्यानाच्या आत दहिसर नदी पाहिली आणि मग दौलतनगरच्या पुलावरून पाहिली, तर ती एकच नदी आहे यावर विश्वास बसत नाही.

तलावांचाही उल्लेख हवा. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये पुरा झाला. दोन्ही शहराला पाणी देण्यासाठी बांधले गेले, आणि त्यांच्या पाणलोटावर वस्ती होऊ न देण्याच्या गरजेमुळेच डोंगरावरचे रान बऱ्याच अंशी टिकले. वन्यजीवांची काळजी नंतर आली.

जुना_दप्तरी

‘भरती_ओहोटी’ यांच्या प्रतिसादाला जोडून. खाजणाच्या बाजूला वस्ती कशी गेली, याचा एक वेगळा अध्याय आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप आणि गोराई येथे म्हाडाने छोटे भूखंड पाडले. बांधलेले घर न देता आखलेला भूखंड, रस्ता, पाणी आणि मलनिःसारण द्यायचे व घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे, अशी ती योजना होती. त्यामुळे तिथले पत्ते अजून ‘भूखंड क्रमांक अमुक, आरएससी तमुक, गोराई एक’ असे असतात आणि नवखा रिक्षावाला हमखास चुकतो. एका मजल्याची घरे हळूहळू दोन-तीन मजल्यांची झाली. गिरणगावातून आणि चाळींतून आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचे स्वतःचे पहिले घर हेच. माझ्या मते बोरीवलीच्या अलीकडच्या इतिहासात या योजनेइतकी यशस्वी आणि इतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही.

ब्राह्मी_वाचक

एक निरीक्षण. खाडीपलीकडे, गोराईच्या बाजूला २००९ मध्ये विपश्यना पॅगोडा खुला झाला. पूर्वेच्या टोकाला कान्हेरी आणि पश्चिमेच्या टोकाला पॅगोडा, अशी ही आडवी रेघ दोन्हीकडून बौद्ध वास्तूंनी बांधली गेली आहे. पॅगोड्याचा विशाल घुमट आत एकही खांब न देता दगड एकमेकांत अडकवून रचलेला आहे. कान्हेरीत दगड काढून पोकळी केली, येथे दगड रचून.

सव्वानऊची_फास्ट

हा निव्वळ योगायोग आहे, असे नम्रपणे नोंदवतो. जागा मिळाली म्हणून तिथे बांधला.

आडव्या दिशेची खरी परतफेड ठाणे-बोरीवली जुळ्या बोगद्याने होणार आहे. जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालेला हा मार्ग ११.८ किलोमीटरचा असून त्यातील १०.२५ किलोमीटर डोंगराच्या पोटातून, राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जाणार आहे. बोरीवलीकडचे त्याचे तोंड कुठे आहे, तर मागाठाण्याला. कान्हेरीला शेत देणाऱ्या गावातून आता ठाण्याला गाड्या जातील, आणि वाटेत खाडी लागणार नाही.

पायवाट

हे मात्र माझ्या मांडणीला आपणच दिलेले बळ आहे. फक्त काळजी एका गोष्टीची वाटते. बोगद्यातून येणारी सगळी वाहने मागाठाण्याला द्रुतगती मार्गावर उतरतील, आणि तिथून पश्चिमेला यायचे तर रूळ ओलांडणारे पूल मोजकेच आहेत. डोंगर ओलांडला तरी रेल्वे ओलांडायची राहतेच.

नवा_रहिवासी

मी बोरीवलीत नुकताच राहायला आलो आहे. वरील ठिकाणे एका सुट्टीत पाहायची असल्यास कोणत्या क्रमाने जावे, कोणी सांगेल का?

वाडीतली_सून

पाऊस ओसरल्यावर, पण गवत हिरवे असताना जावे. सकाळी उद्यानाचे दार उघडताच आत जाऊन बसने कान्हेरीला पोहोचावे, कारण दहानंतर गर्दी होते. सोमवारी उद्यान बंद असते, हे लक्षात ठेवावे. दुपारी खाली उतरून मंडपेश्वर पाहावे. तिथे सावली आहे आणि शांतपणे बसता येते. वीरगळांसाठी एकसर गावठाणात जाऊन कोणाही वयस्कर माणसाला विचारावे, नकाशावर शोधत बसू नये. शेवटी गोराईच्या जेट्टीवर जाऊन बोटीने पलीकडे जावे. परतीची बोट कधी आहे, हे मात्र उतरतानाच विचारून घ्या.